चोविसावी काच

आमच्या घराची फरशी बाराही महिने कोमट असायची. चिखलीत आप्पांचं हीट ट्रीटमेंटचं शेड होतं आणि शेडच्या माळ्यावर दोन खोल्या काढून आम्ही राहायचो. म्हणजे खाली भट्टी आणि वर आमचं बिऱ्हाड. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून गिअर, पिना, बुशा टेम्पोने यायच्या, भट्टीत तापायच्या, तेलात बुडायच्या आणि कडक होऊन परत जायच्या. त्या तेलाचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, अगदी आईच्या येसराच्या आमटीलासुद्धा यायचा. आई परभणीकडची. येसराची पूड माहेरून यायची, आणि ती फोडणीत पडली की दहा मिनिटं तरी तेलाचा वास हरायचा. थंडीत शेजारच्या बायका मुद्दाम आमच्या फरशीवर पाय शेकत बसायला यायच्या आणि उन्हाळ्यात आम्हीच शेजारच्या गच्चीवर पथाऱ्या टाकायचो. डावीकडच्या शेडमध्ये पॉवर प्रेस धाड-धाड चालायचा, उजवीकडे ग्राइंडर किंचाळायचा, आणि या सगळ्याच्या खाली आमच्या भट्टीची एकसारखी घूं. आज मी मुलीकडे राहते. तिच्या गुळगुळीत टाइल्सवर सकाळी अनवाणी पाय टेकला की गार लागतं, आणि या वयातही पहिल्या क्षणी छातीत धस्स होतं, की भट्टी बंद पडली वाटतं.

मी तेव्हा विशीच्या आसपास होते आणि डिप्लोमाच्या दोन विषयांत सपशेल आपटले होते. आप्पा रागावले नाहीत. 'मग बस मीटरपाशी,' एवढंच म्हणाले. मीटर म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणारी काळी पेटी. तिच्यासमोर बसून आकडा चढवायचा, धरायचा, उतरवायचा. वर्षभरात भट्टी माझ्या हाताखाली आली आणि आप्पा निवांत गिऱ्हाइकं सांभाळू लागले. पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आई स्थळं बघत होती, मामा टायपिंगचा क्लास सुचवत होता, आणि मी सगळ्यांना 'हो' म्हणत होते, कारण 'नाही' म्हणायला काहीतरी कारण लागतं आणि तेच माझ्याकडे नव्हतं.

अशा वेळी नीलाताई आल्या. पॅन्ट, ढगळ सदरा, नखांत पांढरं प्लास्टर, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची सवय. काचेची मोठाली शिल्पं करायच्या. मोशीच्या नव्या चौकात काचेची भिंत उभारायचं काम त्यांना मिळालं होतं आणि त्यासाठी त्या भट्टी शोधत हिंडत होत्या.

"काचेला ॲनीलिंग?" आप्पा म्हणाले. "काचेला कशाला पायजे ओ मॅडम?"

"तुम्ही लोखंडाला करता तेच आप्पा. वितळवायची, साच्यात बसू द्यायची आणि मग गार करायची. फक्त सावकाश."

"म्हणजे रातभर?"

"चार दिवस."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. चार दिवस कुठल्याही वस्तूला गार व्हायला लागतात, हे त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी ऐकलं नव्हतं. ताईंनी समजावलं, की जाड काच बाहेरून आधी गार होते आणि आतून मागाहून, त्यामुळे तिच्या पोटात ओढाताण राहते. घाई केली तर ती तडकते. कधी लगेच, कधी दोन वर्षांनी, काही नेम नाही. हे शेवटचं ऐकून आप्पा माझ्याकडे बघायला लागले. लोखंड असं कधी वागत नाही. बिघडलं तर तिथल्या तिथे बिघडतं. तरी त्यांनी होकार दिला. का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, त्यांना उत्सुकता वाटली असावी.

भिंतीवर काय असणार, तर शेत. मोशीत इमारतींच्या मधोमध नांगरटीचा एकच तुकडा उरला होता. तोही विकला गेला होता, दिवाळीनंतर तिथे खोदकाम सुरू होणार होतं. ताईंना त्या नांगरलेल्या मातीवरच प्लास्टर ओतून साचे घ्यायचे होते. त्या साच्यांत काच वितळवायची, म्हणजे सऱ्या, ढेकळं, पावलं, सगळं जसंच्या तसं काचेत उतरणार. असे चोवीस तुकडे, आठ-आठच्या तीन रांगांत, पोलादी चौकटीत उभे करायचे. मी ऐकलं आणि मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. मातीच दाखवायची तर माती दाखवा, काच कशाला? आणि चौकात थांबून ती बघणार कोण? सिग्नल सुटला की माणूस घरी पळतो.

शेत ज्यांचं होतं ते तात्या मोशीचे जुने रहिवासी. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, दारात भली मोठी पांढरी गाडी. जमीन विकून घर बांधलं होतं, दोन्ही मुलांना चाकणला धंदे काढून दिले होते. कशाची म्हणून ददात नव्हती. त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे करमणूक वाटत होती.

"आवो बाई, शेत आडवं आसतंय," ते ताईंना म्हणाले. "तुमी ते उभं करनार व्हय? मंग पानी कसं ऱ्हायचं त्यात?"

"पाणी नाही तात्या, उजेड राहील."

असली वाक्यं ताई बोलल्या की मला कुठे बघावं तेच सुचायचं नाही. तात्यांनी मात्र मान डोलावली आणि एक अट घातली. ट्रॅक्टर न्हाई, बैलाचीच नांगरट पायजे. आता मोशीत बैल कुठून आणायचे? चाकणच्या पलीकडून कुणाची तरी जोडी टेम्पोत घालून आणली. तात्यांनी बूट काढले, पांढरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः नांगर धरला. आजूबाजूच्या इमारतींच्या बाल्कन्यांत माणसं जमली, फोटो काढायला लागली. तात्या बैलांना मनसोक्त शिव्या घालत होते आणि मधूनच वर बघून लोकांना हात करत होते. मग आम्ही दोन दिवस चौकटी लावून प्लास्टर ओतलं. दिवाळी कसली अन् काय, आठवड्यातच तिथे जेसीबी येऊन उभा राहिला.

त्यानंतरचे महिने मी कशात होते, ते सांगणं अवघड आहे. साचा भट्टीच्या ट्रॉलीवर ठेवायचा, त्यात काचेचे तुकडे रचायचे, दार लावायचं आणि आठवडाभर आकड्याकडे बघत राहायचं. साचा एकदाच वापरता यायचा, भाजून त्याची भुकटी व्हायची. ती ब्रशने झाडली की खालून मातीसारखी खडबडीत, पण आरपार दिसणारी काच निघायची. पहिली काच निघाली तेव्हा मी तिच्या सरीत बोट घातलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का आला, विचारू नका. मी काही शेतकऱ्याची पोर नाही, मला ढेकूळ फोडायचंही माहीत नव्हतं. पण स्थळ बघायला आलेल्या मंडळींसमोर चहाचा ट्रे धरून उभी असताना माझं सगळं लक्ष खाली मीटरवर होतं, हे मला अजून आठवतं. आई नंतर म्हणाली, "कुठं बघायलीस गं? पोरगा काय भट्टीत बसला होता?" आणि ताईंनी एकदा सहज विचारलं, की हे संपल्यावर पुढच्या कामाला माझ्याबरोबर येशील का. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण ते तोंडातून बाहेर पडेना. भिंत उभी राहू दे, मग सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

तेवीस काचा झाल्या. चोविसावी भट्टीत असताना खंडेनवमी आली.

कारखानदारीच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. त्या दिवशी चिखलीत एकही मशीन चालत नाही. सगळी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवायची आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की आई ताट घेऊन उभी राहते, 'हं, कर बंद' म्हणते आणि घरची लेक मेन स्विच खाली ओढते. मी पाच वर्षांची असल्यापासून, आधी आप्पांच्या कडेवर बसून आणि मग स्टुलावर चढून, ते केलं होतं. यंदा भट्टी चालू ठेवायची, हे आठवडाभर आधी ठरलं होतं. आई कुरकुरली होती. "चालत्या मशीनला कुणी कुंकू लावतंय का? देवालाबी जरा दम खाऊ द्यावं." आप्पांनी समजूत काढली होती, की भट्टीला लांबूनच अक्षता टाकायच्या आणि बाकी मशीनांची नेहमीसारखी पूजा करायची. ताईंनी भट्टीच्या बटणावर मोठा कागद चिकटवला होता: हात लावू नये. त्या स्वतः चौकात परांचीवर चढून चौकटी बसवून घेत होत्या.

मग आई ताट घेऊन उभी राहिली. निरांजन, विडा, नारळ. म्हणाली, "हं, कर बंद." आणि माझा हात वर गेला आणि मी मेन स्विच खाली ओढला.

विचार केला नव्हता का? नव्हता. तोच तर घोळ आहे. भट्टीच्या बटणावर कागद होता, मेन स्विचवर नव्हता. आईने वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य म्हटलं आणि माझ्या हाताने वर्षानुवर्षं केलेलं काम केलं. आप्पा हात जोडून डोळे मिटून उभे होते. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण घूं थांबली, पण त्या दिवशी सगळ्या चिखलीचीच घूं थांबलेली असते. शेजारचा प्रेस गप्प, ग्राइंडर गप्प. उलट मला ती शांतता फार गोड वाटली. आरती झाली, नारळ फुटला, मी शेजारच्या शेडमधून प्रसाद वाटून आले, पुरणपोळीचं जेवण झालं. मग मी सवयीने मीटर बघायला खाली उतरले. पेटी काळीठिक्कर. आकडाच नाही.

मी मेनकडे धावले. स्विच वर केला. आकडा उमटला तो साठेक अंशांनी खाली. मी तो हळूहळू पुन्हा चढवला, जागच्या जागी आणून धरला आणि आप्पांना बोलावलं. त्यांनी आकडा बघितला, भट्टीच्या दाराला हात लावून बघितला, आणि म्हणाले, "लोखंड असतं तर मी तुला चहा करायला सांगितला असता. काय होत नाही. पुन्हा तापलं की झालं."

"ताईंना कळवू?"

"त्या परांचीवर चढल्यात. कशाला जीव घाबरा करायचा? उघडल्यावर बघू."

हे मला ऐकायचंच होतं. म्हणून मी ऐकलं. पुढचे चार दिवस मी जेवले, झोपले, आकडा हळूहळू खाली आणला, आणि मला एकदा वाटायचं सगळं ठीक आहे आणि एकदा वाटायचं सगळं संपलं. शेत तर कधीच गेलं होतं, तिथे दोन मजली खड्डा पडला होता. ही काच गेली तर पुन्हा साचा कुठून आणणार? आई वेगळ्याच काळजीत होती. तिच्या मते भट्टीला नीट पूजा मिळाली नाही म्हणून काहीतरी वाईट होणार होतं. तिने माझ्या नकळत भट्टीच्या दारावर कुंकवाचं बोट ओढलं होतं. मी ते पुसावं की राहू द्यावं, तेही मला ठरवता येईना.

पाचव्या दिवशी ताई आल्या, दार उघडलं, ट्रॉली ओढली. काच अख्खी होती. भुकटी झाडली तर एक चरा नाही. आप्पांनी टाळी वाजवली. मी भिंतीला टेकून खालीच बसले आणि हसायला लागले. एवढी हलकी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. मग ताईंनी नेहमीप्रमाणे काचेमागे दिवा लावला आणि दोन काळ्या फिल्म काढल्या. एक काचेमागे, एक पुढे, अशा धरल्या की निरोगी काच सगळीकडे सारखी अंधारी दिसते, पोटात ओढाताण असेल तिथे रंग चमकतात. आधीच्या तेवीसही तशाच दिसल्या होत्या. हिच्या डाव्या अंगाला मात्र जांभळा, पिवळा, मोरपंखी असा रंगांचा पट्टा चमकला. इतका देखणा, की आई वरून उतरता उतरता जिन्यातच थांबली आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान!"

ताईंनी फिल्म पुन्हा धरली, बाजू बदलली. मग जमिनीवर बसून आपल्या वहीतले आकडे बोटाने तपासायला लागल्या. "माझंच चुकलं," त्या पुटपुटल्या. "शेवटच्याला मी घाई केली असणार. मीच दिलेत हे आकडे. मीच गाढव." डोळे पाण्याने भरले होते. हे मला बघवेना. आप्पा डोळ्यांनी मला गप्प राहायला खुणावत होते आणि मी सगळं बोलून टाकलं. स्विच, आरती, प्रसाद, पुरणपोळी, साठ अंश. पुरणपोळी सांगायची काय गरज होती, देव जाणे.

ताईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोन गोष्टी करता येतील. आहे तशी बसवायची. पन्नास वर्षं राहील, नाहीतर पुढच्या महिन्यात खाली येईल. किंवा परत भट्टीत घालून सावकाश तापवायची आणि सावकाश गार करायची. त्यात ओढाताण निघून जाते. पण तापतानाच फुटायची भीती जास्त. आणि उद्घाटन सहा दिवसांवर आहे."

"बसवून टाका मॅडम," आप्पा म्हणाले. "अख्खी आहे की."

"मंगल, तू सांग."

मला त्यांचा भयंकर राग आला. शिल्प तुमचं, नाव तुमचं, आणि मी सांगू? मी डिप्लोमाला आपटलेली मुलगी! पण त्या वाट बघत राहिल्या. चौकातून सकाळी शाळेची पोरं जातात, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "परत घालू." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर भाकरीचा तुकडा मोडत असताना खालून आवाज आला. मोठा नाही. सुपारी फुटावी तेवढा. आईने माझ्याकडे बघितलं. मी घास तसाच गिळला आणि खाली गेले नाही, कारण आता जाऊन करणार काय? उघडल्यावर काचेचे दोन तुकडे होते, एक मोठा, एक लहान, अगदी स्वच्छ कापल्यासारखे. मी त्या दिवशी गप्प बसले असते तर ती काच आज चौकात असती का, की कुणाच्या डोक्यात पडली असती? मी कितीदा तरी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. कधी एक पटतं, कधी दुसरं.

उद्घाटन तेवीस काचांवरच झालं. खालच्या रांगेतली एक चौकट रिकामी. आता सगळे हसणार, असं मला वाटलं होतं. तर एक पाहुणे माइकवर म्हणाले, की ही रिकामी चौकट हाच या कलाकृतीचा आत्मा आहे, गमावलेल्या मातीची ही जागा कलावंताने किती संयमाने मोकळी सोडली आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. लोक येऊन त्या चौकटीत डोकं घालून फोटो काढत होते. मी केलेल्या चुकीला टाळ्या पडत होत्या आणि मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि ओरडून सांगावंसंही वाटत होतं. भिंत अजून आहे. रस्ता रुंद झाला, तिच्यावर धूळ बसते, आणि त्या चौकटीबद्दल कॉलेजची मुलं मला अजून कौतुकाने विचारतात, कारण ताईंबरोबर पुढची सगळी वर्षं मी काम केलं, हे आता पुष्कळांना माहीत आहे.

तात्यांना मात्र ते भाषण पटलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांची पांढरी गाडी शेडसमोर येऊन थांबली. आप्पा बाहेर गेले होते, आई वर होती.

"माझ्या शेताला भोक कशापायी पाडलं?" ते दारातूनच गरजले. "चोवीस म्हनला हुता. म्या मोजल्यात. तेवीसच हायत. आमचं कोपऱ्याचं कुठं गेलं?"

मी त्यांना आत नेलं आणि पोत्याखालचे दोन तुकडे दाखवले. आणि सांगितलं, की हे माझ्यामुळे झालं, पूजेच्या वेळी मी स्विच ओढला, चुकून ओढला, पण ओढला मीच. सांगता सांगता मला हुंदका फुटला. इतके दिवस न आलेलं सगळं रडणं नेमकं त्यांच्यापुढे बाहेर पडलं. तात्या रागवायचे थांबले. पालथ्या क्रेटवर बसले, वाकले आणि काचेतल्या सरीवरून बोट फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तडा आला तिथे थांबले.

"येक तुकडा मोडला म्हनून रडतीस व्हय गं पोरी?" ते म्हणाले. "म्या आख्खं इकलं. सही करताना हात सुदिक कापला न्हाई माझा. आन् तवापासनं आजपातूर येकानंबी मला इचारलं न्हाई, का तात्या, का इकलं म्हनून."

विचारावं का आता? मी विचारलं तर त्यांना बरं वाटेल, की मी वर्मावर बोट ठेवीन? तेवढ्यात ते उठले, बूट झटकले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. वरून आईने हाक मारली, "गेले का गं ते? चहा टाकायले मी." मी दारात उभी राहिले. गाडी सुरू होत नव्हती. काच वर होती, आतलं काही दिसत नव्हतं, आणि जाऊन टकटक करावं की नाही, याचा मी विचार करत राहिले.